भांगाच्या दिवसांतला फोन

पाचूबंदरच्या पोराला नौदलात जाऊन समुद्राची सवय करावी लागत नाही. वसईच्या खाडीचं मुख त्याच्या दारात असतं, पलीकडे उत्तनचा किनारा दिसतो, पाठीशी किल्ल्याचा तट असतो. बाप, काका, मामा यांतलं कुणी ना कुणी होडीवर असतंच. ओडिशात चिलका सरोवराकाठी 'आयएनएस चिल्का'वर भरती झालेल्या कितीतरी पोरांची तिथेच पाण्याशी पहिली ओळख होते. आमच्या पोराची ती पाळण्यातच झालेली असते. त्याला जड जाते ती वेगळी गोष्ट. होडीवरचा माणूस चार-सहा दिवसांनी परत येतो आणि त्याच संध्याकाळी धक्क्यावर दोस्तांत बसतो. नौदलाचं जहाज निघालं, की ते कुठे जाणार, कधी परतणार हे सांगायचं नसतं, आणि बरेचदा खालच्या माणसाला ते ठाऊकही नसतं. या अबोल्याची सवय गावातल्या कुणालाच नसते. ना जाणाऱ्याला, ना मागे राहणाऱ्याला.

माझी सगळी नोकरी सिग्नल शाखेत गेली. कोचीच्या सिग्नल स्कूलमध्ये मोर्स, निशाणं, सेमाफोर, दिवा हे सगळं हातात बसेपर्यंत घोटून घेतलं जायचं. दोन जहाजांमध्ये निरोप कसा पोचवायचा हे मी तिथे शिकलो. मागे राहिलेल्या दोस्तापर्यंत तो कसा पोचवायचा, हे शिकवणारा वर्ग नव्हता. ते ज्याचं त्याने शिकायचं असतं, आणि न शिकलेला माणूस काही वर्षांत आपल्याच गावात पाहुणा होतो. असे पाहुणे झालेले मी बरेच बघितले आहेत. त्यांच्यात वाईट कुणी नव्हतं. आपण बोललो नाही तर मैत्री आहे तशी वाट बघत राहील, एवढंच ते धरून चालले होते.

दिव्याचं काम मला सगळ्यांत प्रिय. रात्री जहाज डुलत असताना कोपर घट्ट टेकवून दिव्याचा झोत समोरच्या जहाजाच्या ब्रिजवर धरून ठेवायचा. झडप उघडली की उजेड, मिटली की अंधार. छोटी चमक, लांब चमक. पाठवणारा एक शब्द पूर्ण करतो आणि थांबतो. समोरून एक लांब चमक येते, म्हणजे शब्द मिळाला. चमक आली नाही, तर तोच शब्द पुन्हा. पुढच्या शब्दाकडे जायचं नाही. एक मजकूर, त्यातला प्रत्येक शब्द, आणि प्रत्येक शब्दाची पोच. घाईत असलेला नवखा पोरगा पोच न बघता झडप खडखडवत सुटतो. त्याचा निरोप जलद जातो, पण समोरच्याच्या वहीत अर्धाच उतरतो.

दोस्तांना पत्रं लिहिताना मी हाच नियम लावला. माझा एक मित्र नाखवा, डोल जाळ्याच्या होडीचा. त्याने लिहिलं, की इंजिनचा गिअर गेला, धाकटीचं जमतंय, यंदा बोंबील उशिरा आलेत आणि ते सुकवायच्या वलांड्या रिकाम्या आहेत, आईचा गुडघा धरलाय. मी उत्तर लिहायला बसलो की त्याचं पत्र डाव्या हाताला उघडं ठेवायचो आणि एकेका गोष्टीला पोच द्यायचो. गिअर नवा टाकला की दुरुस्त केला? मुलगा कुठला, अर्नाळ्याचा की नायगावचा? आईला वसई गावातल्या डॉक्टरकडे नेलंस का? माझी हकिगत त्यानंतर, आणि थोडीच. परदेशातलं बंदर बघितलेल्या माणसाला तिथल्या गोष्टी सांगायची घाई असते, आणि ते साहजिक आहे. पण ज्याच्या चार गोष्टींतल्या एकीचीही पोच मिळत नाही, तो पुढच्या पत्रात दोनच गोष्टी लिहितो. त्यापुढे सणावाराला शुभेच्छा येतात. त्यापुढे त्याही येत नाहीत.

तेव्हा पत्ता एकच असायचा: नाव, नंबर, जहाजाचं नाव आणि 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. जहाज जगात कुठेही असो, पत्र मुंबईला जाई आणि तिथून वाट काढत आमच्यापर्यंत येई. त्यामुळे टपाल एकेक करून मिळत नसे. बंदराला लागलं की गठ्ठाच यायचा आणि मेस डेकवर वाटप सुरू झालं की सगळे मान वर करून बसायचे. गठ्ठ्यात पत्रांचा क्रम राहत नाही. दोस्ताचं 'आता ताप उतरलाय' हे आधी वाचायचं आणि 'ताप चढलाय' हे नंतर. म्हणून जुने नौसैनिक पत्राच्या कोपऱ्यात क्रमांक घालायचे. मी गावच्या मित्रांनाही तशी सवय लावली. निळ्या अंतर्देशीय पत्रावर बाहेरच क्रमांक टाकलेला असला, की आधी सगळी लावून घ्यायची आणि मग वाचायची. मधला एखादा क्रमांक नसला, तर तसं कळवायचं. शाळेत शिकवणारा माझा एक मित्र पत्राबरोबर 'सुवार्ता'चा अंकही पाठवायचा. वसईतून निघणारं हे मासिक फादर फ्रान्सिस दिब्रिटो संपादक असताना मी कितीदा अरबी समुद्रात पालथं पडून वाचलं आहे. समासात पेन्सिलीने त्याचं म्हणणं लिहिलेलं असे, आणि माझं उत्तर त्या समासालाच असे.

फोन आला तरी काम सोपं झालं नाही. गावात फोन मोजक्या घरांत. बाकीच्यांचा 'पीपी' नंबर, म्हणजे शेजारच्याचा फोन. बंदरातल्या बूथवरून मी फोन लावायचा, शेजाऱ्याने पोराला पिटाळायचं, मी ठेवून पुन्हा दहा मिनिटांनी लावायचा, आणि एवढं करून कळायचं की नाखवा जाळ्यावर गेलाय. माझ्याकडे वेळ होता तेव्हा त्याच्याकडे नव्हता. यावर उपाय गावातूनच मिळाला.

डोल हे पिशवीसारखं जाळं. समुद्रात बांधून ठेवायचं, तोंड पाण्याच्या ओढीकडे, आणि पाण्यानेच मासळी आत ढकलायची. म्हणजे सगळी भिस्त ओढीवर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जोरात, डोलकऱ्याला उसंत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याला जोर नाही, जाळ्यात काही पडत नाही. मग होड्या किनाऱ्याला आणि माणसं सावलीत जाळी शिवत बसलेली. ही तिथ्यांची गणितं आम्हांला लहानपणापासून तोंडपाठ. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मी एवढंच केलं, की जहाजावरच्या लॉकरच्या दाराला आतून 'कालनिर्णय' चिकटवलं आणि फोन फक्त भांगाच्या दिवसांत लावायला लागलो. ऑक्टोबर 2008 मध्ये 'आयएनएस तबर'पासून एडनच्या आखातातली चाचेविरोधी गस्त सुरू झाली. पुढे आमचंही जहाज तिथे गेलं. इंधन-पाणी घ्यायला ओमानच्या सलालाह बंदरात लागलं, की सगळे सिमकार्डाच्या मागे धावायचे. मी आधी तिथी बघायचो. तिथलं घड्याळ आपल्याहून दीड तास मागे. म्हणजे तिथे साडेपाच वाजता लावला तर पाचूबंदरला सात, नाखवा आंघोळ करून अंगणात. अष्टमी-नवमी असेल तर तो भेटणारच. उधाणात बंदर लागलं, तर नाखव्याला फोन करायचा नाही, शिक्षक मित्राला करायचा.

यातून नाखव्यालाही एक गोष्ट कळली, आणि ती मला फोनवरच्या बोलण्यापेक्षा मोठी वाटते. मी त्याचं पाणी बघून फोन करतो, हे त्याला कळलं. तोही मग भांगाच्या दिवसांत फोन जवळ ठेवून बसू लागला. फोन आला नाही, तर जहाज समुद्रात आहे असं समजून पुन्हा जाळ्याला हात घालायचा. त्या न आलेल्या फोनने त्याला कधी घोर लावला नाही, कारण न येण्याचा अर्थ आधीच ठरलेला होता.

निघण्याआधी दोस्तांशी बोलायचं ते नेमकं हेच. शपथा, मिठ्या, रोज फोन करीनच्या आणाभाका यांचं ओझं दोघांनाही पेलत नाही. सिग्नलमनला अबोला हा हुकमाचा भाग असतो हे पहिल्या दिवशीच कळतं. हुकूम सुटला की जहाजाचे रेडिओ गप्प होतात, कारण बोलणारं जहाज सापडतं. ब्रिजवर उभं राहून शेकडो माणसांच्या वतीने गप्प राहायचं असतं. हे गावातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं, तेही जाण्याच्या आधी, निवांत बसून: मी गप्प असेन तेव्हा मी ठीक आहे असं धरा. वाईट काही झालं तर नौदल घरी कळवतंच.

काय बोलायचं नाही, तेही तेव्हाच ठरवायचं. डिसेंबर 2019 मध्ये हेरगिरीच्या प्रकरणात नौसैनिकांना अटक झाली आणि त्यानंतर नौदलाने जहाजांवर, तळांवर आणि गोदीत स्मार्टफोन व समाजमाध्यमांवर बंदी घातली. पुष्कळ तरुणांना ती जाचक वाटली. मला ती योग्य वाटते. एका पोराने टाकलेल्या फोटोतल्या मागच्या डोंगरावरून जहाज कुठे आहे ते ओळखता येतं, आणि त्या जहाजावर दुसऱ्या कुणाचा तरी दोस्त असतो. जहाजाचं नाव, बंदर, तारीख, सोबतची जहाजं, यांतलं काही न सांगता दोस्ताशी तासभर बोलता येतं. जेवणात काय होतं, बंकवर पंख्याचा वारा लागतो की नाही, कानपूरचा शेजारी झोपेत काय बडबडतो, मिडल वॉचला झोप कशी आवरतो. खरं तर मित्राला हवं असतं तेच हे. अक्षांश-रेखांश त्याला काय करायचेत?

आता मी धक्क्यावरच्या बाजूला आहे. ओळखीतला एक पोरगा नौदलात आहे, त्याचे चार-पाच जिवलग इथेच आहेत. मार्च 2024 मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' हे जहाज नौदलाने सोडवलं. 'आयएनएस कोलकाता'ने त्याला अडवलं, विमानातून मरीन कमांडो उतरले, 35 चाचे शरण आले आणि 17 खलाशी सुखरूप सुटले. बातमी टीव्हीवर आली त्या रात्री हे सगळे माझ्याकडे आले. आपला दोस्त त्याच समुद्रात आहे एवढंच त्यांना माहीत, आणि फोन लागत नाही. मी त्यांना सांगितलं, की आज लागणारही नाही, आणि लावूही नका. त्याऐवजी आज गावात जे झालं ते एकेकाने लिहून ठेवा. फोन हातात येईल तेव्हा त्याला पन्नास मिस्ड कॉल दिसण्यापेक्षा हे मिळू दे. त्यांनी लिहिलं. क्रिकेटच्या सामन्यात कोण धावचीत झाला, कुणाची होडी रंगवायला काढली, भाव काय चालला आहे.

त्यांचा एक ग्रुप होता, त्यात तोही होता, आणि तो गेल्यापासून ग्रुपमध्ये फक्त 'मिस यू भावा' आणि नाताळ-नारळी पौर्णिमेची चित्रं. सगळ्यांना मिळून पाठवलेल्या संदेशाला कुणी उत्तर देत नाही, हे मी नोकरीभर बघितलं. ताफ्यातल्या सर्व जहाजांना जाणारा संदेश आला की आम्ही तो वहीत नोंदवायचो आणि कामाला लागायचो. एका जहाजाचं नाव घालून आलेल्या संदेशाला मात्र तत्काळ उत्तर जायचं. म्हणून मी त्या पोरांना म्हटलं, ग्रुप राहू द्या, पण प्रत्येकाने त्याला वेगळं लिहा, आणि प्रत्येकाने एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर फक्त त्यालाच देता येईल.

सगळ्यांत कठीण दिवस पहिल्या पंधरवड्यातले असतात. अंगाला जहाजाची लय लागलेली नसते, वॉचच्या पाळ्यांनी झोप मोडते, आणि गावात आपल्यावाचून सगळं नीट चाललंय असं वाटत राहतं. त्या दिवसांत लिहिलेलं पत्र रडकं होतं. तरी ते लिहावं. आणि मिळालेल्याने त्यावर उपदेश करू नये, पोच द्यावी.

परत येण्याचंही एक तंत्र आहे. सुट्टीवर आलेला नौसैनिक घरी बसून राहतो आणि दोस्तांनी भेटायला यावं अशी वाट बघतो. गाव त्याच्यासाठी थांबलेलं नसतं. उधाण असलं तर त्याची अर्धी सुट्टी रिकाम्या धक्क्याकडे बघण्यात जाते. मी आलो की पहिल्याच सकाळी नाखव्याच्या अंगणात जायचो, जाळ्याचं दुसरं टोक ओढून घ्यायचो आणि सुई हातात घ्यायचो. हात कामात असले की माणूस सलग बोलतो, आणि पत्रात न मावलेलं तिथे बाहेर पडतं. त्या पोरालाही मी सांगितलंय: सुट्टी मागताना तारीख निवडायची मुभा मिळाली तर आधी कॅलेंडर उघड, आणि अष्टमीच्या दोन दिवस आधी वसई स्टेशनवर उतरशील अशी माग.