शिट्टीचा मानकरी

कवायतीचा तास आला, की माझ्या पोटात गोळा येई. गोळ्याला तिथे जागा भरपूर होती म्हणा! शर्यतीसाठी नावे घेताना मास्तर म्हणत, "तू शिट्टी सांभाळ. धावलास तर मैदान खचेल!" सारा वर्ग हसे, मीही हसे. चार वर्षे मी इमानाने शिट्टी सांभाळली. मला धावता येते की नाही, हे ना त्यांना कळले, ना मला!

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे ब्राँझपदक मिळवले, ते ५७ किलोंच्या गटात. कुस्तीतही वजन करतात. पण जोड बरोबरीची लागावी म्हणून. आमच्या मैदानावर ते हसण्यासाठी होई.

परवा नात म्हणाली, "आजोबा, उद्या मी शाळेत जाणार नाही. पी. टी. आहे."

मी थट्टेने बोलून गेलो, "का गं, मैदान खचेल म्हणून?"

ती हसली. अगदी माझ्यासारखी.

मी चरकलो. मास्तरांची शिट्टी मी केव्हाच परत केली होती. त्यांचा विनोद मात्र साठ वर्षे जपून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे धावायला गेलो. मैदान काही खचले नाही.