चुकलेली वजाबाकी

लहानपणी मला गणिताची फार भीती वाटे. गणिताचा तास सुरू झाला की पोटात गोळा येई. उदाहरण सुटत नसे आणि सुटत नाही असे सांगण्याचे धैर्यही होत नसे. मग शेजारच्या मुलाच्या वहीवर हळूच नजर टाकून मी उत्तर उतरवून घेई. उत्तर बरोबर येई; मन मात्र दिवसभर खात राही.

मी सहावीत असताना आम्हांला नवे गुरुजी आले. एके दिवशी पुस्तक न उघडताच ते म्हणाले, "मुलांनो, आज उदाहरण तुम्हीच निवडायचे. चार अंकी कोणतीही संख्या लिहा. चारही अंक सारखे मात्र नकोत. ते अंक आधी उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. येईल त्या बाकीवर पुन्हा हेच करा. बाकी तीन अंकी आली, तर तिच्याआधी शून्य लिहा."

मी ३५२४ ही संख्या घेतली. शेजाऱ्याला काही सुचेना, म्हणून त्यानेही तीच घेतली. वर्ग शांत झाला. थोड्या वेळाने एकेक मुलगा ओरडू लागला, "गुरुजी, ६१७४!" प्रत्येकाची संख्या निराळी, पण सर्वांची बाकी अखेर तेथेच येऊन थांबली. ७६४१ मधून १४६७ वजा केले, तर पुन्हा ६१७४च उरत होते.

माझ्याही वहीत ६१७४ होते! कोणाचे न पाहता मिळालेले ते माझे पहिले उत्तर. आनंदाने मी शेजाऱ्याच्या वहीकडे पाहिले आणि चमकलो. त्याला तीन वजाबाक्या पुरल्या होत्या; मला चार लागल्या होत्या. ५४३२ मधून २३४५ वजा करून त्याने ३०८७ लिहिले होते, मी ३१८७. शतकाच्या घरातून एक उसना घेऊन तो तेथून कमी करायला मी विसरलो होतो.

गप्प बसलो असतो, तर कोणालाच कळले नसते. पण त्या दिवशी मला राहवले नाही. मी उभा राहिलो आणि कापऱ्या आवाजात म्हणालो, "गुरुजी, माझी पहिली वजाबाकी चुकली आहे."

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी माझ्या वजाबाक्या फळ्यावर मांडल्या. ३१८७ नंतर ७३५३, मग ४१७६ आणि शेवटी ६१७४. "हा वाट चुकला, तरी मुक्कामी कसा पोहोचला?" त्यांनी विचारले.

मी क्षणभर विचार केला. "गुरुजी, ३१८७ हीसुद्धा चार अंकी संख्याच आहे. तीच आधी घेतली असती, तरी ६१७४च आले असते."

"शाबास! पण उत्तर आले म्हणून कृती बरोबर होती असे नव्हे. अंक तेच ठेवून क्रम बदललेल्या दोन संख्यांच्या वजाबाकीला नेहमी ९ ने भाग जातो. ३०८७ च्या अंकांची बेरीज १८, भाग जातो. ३१८७ ची १९, जात नाही. चूक अशी पकडावी."

मग त्यांनी सांगितले, की हा चमत्कार १९४९ साली दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी जगापुढे मांडला. कापरेकर नाशिकजवळील देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. संख्यांशी खेळणे हाच त्यांचा छंद होता. आज ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. कोणतीही संख्या घ्या, सातपेक्षा अधिक वजाबाक्या लागत नाहीत.

त्या दिवसापासून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे मी सोडले. उदाहरणे पुढेही चुकली. पण कोठे चुकले हे शोधण्यात मला गोडी वाटू लागली.

जाता जाता गुरुजींनी आणखी एक काम दिले होते, तेच तुम्हांला देतो. तीन अंकी संख्या घेऊन हीच कृती करा. कोठे येऊन थांबता, ते मात्र कोणाला न विचारता पाहा.