जुलै नको, फेब्रुवारी

चि. ऋतुजा हिस,


पुढच्या वर्षीचा प्रोजेक्ट बेदाण्यावर करणार असं ताई म्हणाली. फार बरं वाटलं, म्हणूनच हे आत्ताच लिहितोय. तुझं वालचंद कॉलेज १९४७ पासून इंजिनिअर घडवतंय, पण द्राक्षबाग कुठल्याच कॉलेजचं वेळापत्रक पाळत नाही. तुमचं सत्र जुलैत सुरू होतं, तेव्हा तासगावात वाळवायला घडच नसतात. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिल. नेमके तेव्हा तुम्ही रिपोर्ट आणि सबमिशनच्या घाईत. मग बाजारातून दोन किलो द्राक्षं आणायची, लॅबमध्ये वाळवायची आणि ‘शेतकऱ्यांसाठी उपयुक्त’ असं लिहून मोकळं व्हायचं!

रॅकवर काय चालतं ते बघ. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरतात, शेडच्या सावलीत पंधरवडाभर वाळवतात. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा. मध्येच अवकाळी आला की हवा दमट होते, माल काळवंडतो, भाव कोसळतो. शेडचे पडदे कधी सोडायचे, हे अजून आम्ही आभाळाकडे बघूनच ठरवतो. प्रोजेक्टमध्ये तू बनवणार आहेस तो दमटपणाचा सेन्सर इथे खरंच कामाचा आहे. मात्र बेदाण्याला आम्ही गंधकाची धुरी देतो, तिच्यात तो किती दिवस टिकतो, हे आधी बघ. परीक्षक ते विचारणार नाहीत, आम्ही पहिलं तेच विचारू. आणि कृपा करून मोबाइल ॲप काढू नकोस. रॅकवरच्या बायकांचे हात द्रावणाने माखलेले असतात. त्यांना लाल दिवा आणि भोंगा पुरे.

तुझी माणची मैत्रीण विहिरींवर काम करणार आहे ना? तिलाही सांग, पाण्याची पातळी मे महिन्यात मोज, पाऊस सरल्यावर पुन्हा मोज. एकट्या जुलैतल्या आकड्यावरून दुष्काळ कळत नाही. आणि शेतात जाऊन मोजण्यात कमीपणा नाही; साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवलं, तेव्हा शेतात राबणं हा शिक्षणाचाच भाग होता.

‘आविष्कार’ स्पर्धेत उतरायचं असेल तर जरूर उतर. २००६ पासून ती चालते, पदवीच्या मुलांनाही तिथे संशोधन मांडता येतं. पण जाताना एका हंगामाचे आकडे हातात असू देत. तिसऱ्या वर्षात आहेस, म्हणजे हा हंगाम मोजायला, पावसाळा दुरुस्तीला आणि पुढचा हंगाम तपासायला मिळतो. तुझ्या गाइड सरांशी या आठवड्यातच बोल.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपला माल रॅकवर चढेल. चार दिवस मुक्कामाला ये, गटातल्या पोरांनाही आण.

तुझा,
मामा