वडाळीचे ऋतू

अमरावतीला आलात तर वडाळीचं बांबू उद्यान जरूर बघा. वनविभागानं तिथं बांबूच्या कितीतरी जाती लावल्या आहेत. जवळच इंग्रजांच्या काळातला तलाव, पलीकडे पोहऱ्याचं जंगल.

सौ.ला काचबिंदू आहे. नजर कडेकडेनं मिटत चाललीय. गेलेली परत येत नाही, औषधाचे थेंब फक्त उरलेली राखतात. म्हणून दर ऋतूत तिला इथं आणतो.

श्रावणात बेडकांनी कान भरून टाकले. मार्गशीर्षात तलावावर बदकांचा कलकलाट. फाल्गुनात पायाखाली बांबूची वाळकी पानं कुरकुरली, तशी ती थांबली.

"अहो, पळस फुललाय का?"

पळसाला ना वास, ना आवाज. आयुष्यभर मराठी शिकवलं, पण 'केशरी'च्या पुढं शब्द सुचेना. शेवटी खाली पडलेलं एक फूल उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

"अगंबाई, पोपटाची चोच!"

झाड राहिलं, फूल मात्र दिसलं.

वैशाखात तलावाचं पाणी पार खाली गेलं होतं. माळीबुवा म्हणाले, "काकाजी, आता काय पाहता? पानीच नाही न बाप्पा!" मग त्यांनी मानवेलीचं बेट दाखवलं. ही कित्येक वर्षांनी, जन्मात एकदाच फुलते आणि वाळून जाते.

सौ. म्हणाली, "त्यापेक्षा आपला पळस बरा. दरवर्षी येतो."

असो. येत्या फाल्गुनात पुन्हा जायचं ठरलंय.