मुरूडची खोली

अम्मीने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. अब्बा हयात असताना दर सुट्टीत "पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह" असे ठरायचे. ते पुढचे वर्ष अब्बांना लाभले नाही. म्हणून यंदा जानेवारीत आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी असे पाच जण मुरूड-जंजिऱ्याला निघालो. दोन रात्रींच्या खोलीसाठी तीन हजार रुपये बाजूला काढले होते.

अलिबागला एसटी बदलून रेवदंडा, काशीद करत दुपारी मुरूडला उतरलो. वार शनिवार. तीच आमची चूक. समोर समुद्र, त्यात पद्मदुर्ग आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक लॉजचा दर शनिवार-रविवारचा! एकाने एका रात्रीचे साडेतीन हजार सांगितले, दुसऱ्याने माणशी दर लावून जादा गादीचे पैसे वेगळे मागितले. अम्मी सगळे ऐकत होती. म्हणाली, "समुद्र पाहिला ना बेटा, झालं. संध्याकाळच्या गाडीने परत जाऊ." आम्हाला मान वर करवेना.

शहाळी विकणाऱ्या बाईंनी ते ऐकले. म्हणाल्या, "समुद्राकडे पाठ करा आणि आत वाडीत जा. तिथे घरगुती सोय होते."

पाच मिनिटांवर नारळी-पोफळीत एक कौलारू घर होते. अंगणात तुळशीवृंदावन पाहून अम्मी हळूच म्हणाली, "आधी आपलं नाव सांग, मग पैसे दे. नंतर वाद नको." आम्ही नाव सांगितले, आधार कार्ड दिले. काकूंनी वहीत नाव लिहून घेतले आणि विचारले, "रात्री भात किती जणांचा टाकू? मासे चालतात ना?" खोली बाराशे रुपये, पाचही जणांची. एसी नाही, न्हाणीघर बाहेर, पण स्वच्छ. अम्मीच्या गुडघ्यांना पायऱ्याही नाहीत.

मगरिबची वेळ झाली तेव्हा अम्मी जानमाज घेऊन घुटमळत होती. काकूंनी न बोलता पडवी झाडून दिली.

रविवारी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहिला. सोमवारी सकाळी परत निघालो, तेव्हा साडेतीन हजारवाला लॉज निम्म्या दरात खोली द्यायला तयार होता!

वाचक भगिनी-बंधूंनो, जमल्यास मधल्या वारी जा. दर खोलीचा की माणशी, हे आधी विचारा. गादी, गरम पाणी, जेवण यांचे पैसे ठरवून घ्या, न्हाणीघर डोळ्यांनी पाहा. आणि समुद्र दिसणाऱ्या खिडकीसाठी पैसे मोजू नका. समुद्र फुकट आहे.

मुसाफिराचा पाहुणचार तीन दिवस करावा, अशी आपल्याला शिकवण आहे. आम्ही पैसे देऊन राहिलो, हे खरे. पण निघताना काकूंनी अम्मीच्या पिशवीत दोन नारळ टाकले, त्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. गाडीत अम्मी म्हणाली, "पुढच्या वर्षी त्यांना आपल्या घरी बोलवायचं."

हे पुढचे वर्ष मात्र आम्ही वाया जाऊ देणार नाही. इन्शाअल्लाह.