आज क्या देखी?

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. मुलांना सुट्टीतल्या गमती सांगायला लावते. यंदा सहावीच्या वर्गात विचारलं, "सुट्टीत काय काय केलंत?" पहिला मुलगा उठला, "टीचर, मोबाईल पाहिला." दुसरा म्हणाला, "मीपण." मग हात वर होत गेले आणि उत्तर एकच. मी विचारलं, "बरं, मोबाईलमध्ये काय पाहिलं ते सांगा." वर्ग गप्प झाला. एकदोघांनी आठवायचा प्रयत्न केला, डोकं खाजवलं आणि हसून खाली बसले.

मी रागावणार होते, पण तोंडातले शब्द तोंडातच राहिले. आदल्या रात्री भांडी आवरून मीही "पाच मिनिटं" म्हणून मोबाईल घेतला होता. तासभर बोट फिरत राहिलं. कुणी केक कापत होतं, कुणी नाचत होतं, कुणी बिर्याणीला दम देत होतं. सकाळी त्यातलं एकही चित्र डोळ्यांपुढं येईना. मुलांना काय बोलणार?

त्या दिवशी एस.टी.तून घरी येताना मला माझ्या सासूबाईंची फार आठवण झाली.

आमचं गाव कोल्हार. नगर-मनमाड रस्त्यानं शिर्डीला गेला असाल तर तुम्ही आमच्या गावातून गेलाच आहात, फक्त गाडीची काच वर असेल. नगरकडून येताना राहुरी मागं पडली की आधी कोल्हार खुर्द लागतं, मग प्रवरेचा पूल आणि पलीकडं कोल्हार बुद्रुक. नदीच्या या काठाचा तालुका वेगळा, त्या काठाचा वेगळा. इथूनच एक रस्ता बेलापूरकडं जातो आणि दुसरा लोणी-संगमनेरवरून थेट घोटीला. त्यामुळं स्टँडवर चोवीस तास वर्दळ. साईबाबांना जाणाऱ्या गाड्या, शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या, उसाचे ट्रॅक्टर, भेळेच्या गाड्या. थांबणारे थोडे, जाणारे फार.

माझं माहेर संगमनेर. तेही प्रवरेकाठीच, पण वरच्या अंगाला. वीसेक वर्षांपूर्वी लग्न होऊन मी कोल्हारला आले तेव्हा हे गाव मला रस्त्यावर बसल्यासारखं वाटलं. पाहण्यासारखं इथं काय आहे, असं मी एकदा यांना म्हणालेसुद्धा. ते सासूबाईंनी ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत. पावसाळ्यात एका सकाळी मात्र मला उठवून नदीवर घेऊन गेल्या. आमच्याकडं कडक ऊन होतं, महिनाभर धड पाऊस नव्हता आणि नदी मात्र दोन्ही थड्या भरून लाल पाण्यानं वाहत होती. सासूबाई म्हणाल्या, "देख, तेरे मायके का पानी आया."

मला रडूच आलं. नवी नवरी होते, महिनाभर माहेरचं कुणी भेटलं नव्हतं.

सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. कुराणशरीफ वाचायच्या, बाकी अक्षरओळख नव्हती. पण त्यांच्याइतकी विचारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी शाळेतून आले की हातात पाण्याचा तांब्या द्यायच्या आणि विचारायच्या, "आज क्या देखी?" त्यांना माझ्याकडून हिशेब नको असायचा. गाडीत कोण बसलं होतं, कुणाच्या शेतात कांदा लागला, बेलापूरच्या बाजारात मेथी काय भावानं होती, हे सगळं त्यांना ऐकायचं असायचं. सुरुवातीला मी दोन शब्दांत उत्तर द्यायची. मग त्या पुढचं विचारायच्या, "तो बाबा एवढ्या लांब कशाला चालला होता? तू विचारलं नाहीस?" हळूहळू माझी सवयच बदलली. गाडीत मी खिडकीबाहेर पाहू लागले, कारण घरी गेल्यावर कुणीतरी विचारणार होतं.

पौष पौर्णिमेला आमच्याकडं भगवतीदेवीची यात्रा भरते. गाव पाहुण्यांनी फुलून जातं. यात्रा हिंदू बांधवांची, पण पाळणे, खेळणी, गोडीशेव-रेवडी आणि कुस्त्या साऱ्या गावाच्या. सासूबाई दुपारची नमाज झाली की मला घेऊन बाजार पाहायला निघायच्या. त्यांचा नियम ठरलेला, "लेना कुछ नहीं, देखना सब." बांगड्यांच्या दुकानापुढं उभं राहून त्या कारागिराला विचारायच्या, लाखेवर हे काचेचे तुकडे चिकटतात कसे? मौत का कुआं पाहिला तेव्हा सगळे वर टाळ्या वाजवत होते. ह्या मात्र खाली जाऊन त्या मोटारसायकलवाल्याला विचारून आल्या की पोरा, चक्कर येत नाही का? तो म्हणाला, आजी, पहिले सहा महिने येत होती. घरी येईपर्यंत त्या तेच सांगत होत्या. पाच रुपयांच्या रेवडीत आमचा आठवडा गोड जायचा.

सासूबाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली. मी शाळेतून येते, माठातलं पाणी माझं मीच घेते. मुलगा त्याच्या मोबाईलमध्ये, हे टीव्हीवरच्या बातम्यांत. "आज क्या देखी?" असं विचारणारं घरात कुणी उरलं नाही, म्हणून पाहणंही सुटलं. गाडीत बसल्याबरोबर मीही मोबाईल काढू लागले.

आणि विचारणारं कुणी उरलं नाही हेही खरं नव्हतं. माझी धाकटी चौथीत आहे. ती दादीच्या मांडीवर वाढलेली. पुलावरून जाताना एकदा तिनं विचारलं, "अम्मी, नदी का पानी किधर गया?" पावसाळ्यात तिनं भरलेली नदी पाहिली होती आणि आता पात्रात नुसती डबकी, वाळू आणि खडक. मी कसलासा संदेश वाचत होते. वर न बघता म्हणाले, "घरी गेल्यावर मोबाईलवर बघ." ती गप्प बसली. नंतर लक्षात आलं की बरेच दिवस तिनं मला काहीच विचारलं नव्हतं. शाळेत प्रश्न न विचारणाऱ्या मुलांची मला काळजी वाटते. घरातलं पोर गप्प झालं ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

त्या रविवारी असरनंतर मी तिला घेऊन नदीवर गेले. मोबाईल घरी ठेवला. म्हटलं, चल, शोधू पाणी कुठं गेलं ते.

काठाजवळच्या टपरीवर एक म्हातारे बाबा चहा पीत बसले होते. बोलता बोलता कळलं की ते पूर्वी कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं ते पाहणारे. धाकटीनं त्यांनाच विचारलं. बाबांचा चेहरा असा खुलला की बहुधा कित्येक वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं. काठी घेऊन त्यांनी मातीत नदी काढली.

प्रवरा निघते अकोले तालुक्यात, रतनगडाच्या डोंगरात. तिकडं सह्याद्रीचा पाऊस कोसळतो, आपल्याकडं ढग कोरडे होऊन येतात. म्हणून इथं ऊन असताना नदीला पूर येतो. इंग्रजांनी तिथं भंडारदऱ्याला धरण बांधलं, ते 1926 साली पुरं झालं. म्हणजे त्याला शंभर वर्षं होत आली. आता खाली निळवंड्यालाही धरण आहे. संगमनेर ओलांडलं की ओझरला बंधारा लागतो. बाबांनी काठीनं दोन्ही बाजूंना रेघा ओढल्या. एक डावा कालवा, एक उजवा. आवर्तन सुटलं की पाणी तिथून कालव्यात वळतं आणि शेतांकडं जातं. नदीत राहतं ते थोडंच. जे पुढं जातं ते प्रवरासंगमला गोदावरीत मिसळतं आणि पैठणच्या जायकवाडीत पोचतं.

"मग पाणी गेलं कुठं?" बाबांनी उलट तिलाच विचारलं.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर चालला होता. "उसात?"

"शाबास! आणि ऊस कुठं चालला?"

ते तिला माहीत होतं. शेजारी लोणीला विखे पाटलांचा कारखाना. शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून उभा केलेला तो सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला आणि आशियातला पहिला म्हणून त्याचं नाव आम्ही शाळेच्या पुस्तकात शिकवतो. मी स्वतः कितीदा शिकवलंय! पण कालवा, ऊस, कारखाना हे तीन धडे मी तीन वेगवेगळ्या दिवशी शिकवत आले. ते एकाच पाण्याचे आहेत हे माझ्या पोरीनं जोडलं. बाबांच्या हातातल्या कपाकडं पाहत ती म्हणाली, "म्हणजे नदी चहात आहे."

बाबा इतके हसले की चहा सांडला.

घरी आल्यावर आम्ही मोबाईल घेतला, नाही असं नाही. नकाशात कोल्हारच्या पुलावर बोट ठेवून ती नदीच्या उलट्या दिशेनं निघाली. संगमनेर आलं तेव्हा ओरडली, "नानी का घर!" मोठाही त्याचं काम सोडून येऊन बसला. भंडारदऱ्याचे, रंधा धबधब्याचे फोटो पाहिले. तेवढ्याच वेळ, त्याच मोबाईलमध्ये, पण रात्री झोपताना तिला सगळं आठवत होतं. आधी तिचा प्रश्न होता आणि मग मोबाईल होता, एवढाच फरक. मोबाईलचा दोष मी काढणार नाही. आम्ही त्याच्याकडं रिकाम्या मनानं जातो, मग तो देईल ते घेऊन येतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना एक वही करायला सांगितली. रोज एकच ओळ लिहायची, "आज मी काय पाहिलं." टीव्हीतलं आणि मोबाईलमधलं चालणार नाही. चांगलं अक्षर, शुद्धलेखन याला गुण नाहीत. पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांनी "काही नाही" लिहिलं. मी तेही तपासून सही केली. मग हळूहळू वह्या बोलायला लागल्या. एका मुलीची अम्मी कपडे शिवते. तिनं लिहिलं, "अम्मी फक्त मशीन चालू असतानाच गुणगुणते. मशीन थांबलं की तीही थांबते." पंक्चरच्या दुकानातल्या मुलानं लिहिलं, "उसाच्या दिवसांत पंक्चर जास्त येतात." का, ते तो आता शोधतो आहे. एकानं चार दिवस "काही नाही" लिहून पाचव्या दिवशी लिहिलं, "आमच्या घरातलं घड्याळ बंद आहे. कधीपासून ते घरात कुणालाच माहीत नाही." मी खूप हसले. मग घरी येऊन आमची घड्याळं पाहिली.

रमजान जवळ आला. शाबानच्या 29 तारखेला पूर्वी अख्खी गल्ली गच्चीवर असायची. लहान मुलं खांद्यावर, म्हाताऱ्यांच्या हातात चष्मे, कुणीतरी उगाच "दिसला, दिसला" ओरडायचं. आता मगरिबनंतर सगळे मोबाईलकडं पाहत बसतात. यावेळी धाकटी मला नदीवर घेऊन गेली. आमची प्रवरा पश्चिमेकडून येते, त्यामुळं काठावर उभं राहून वरच्या अंगाला पाहिलं की मावळती थेट समोर. आम्ही बराच वेळ पाहिलं. कुठंतरी उसाचं पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर होता. चाँद दिसला नाही. घरी आलो तर मोठा म्हणाला, "कुठंच दिसला नाही, मेसेज आला. आता उद्या नक्की." दुसऱ्या दिवशी तर 30 तारीख, चाँद होणारच होता. तरीही ती मगरिब होताच चपला घालून दारात उभी. मी म्हटलं, "अगं, आज तर ठरलेलंच आहे." ती म्हणाली, "ठरलंय, पण मी पाहिला कुठाय?"

त्या संध्याकाळी आम्ही पाचसात बायका-पोरं काठावर होतो. शेजारच्या भाभी, त्यांच्या जाऊबाई आणि टपरीवरचे ते बाबासुद्धा. दिसला तेव्हा पहिल्यांदा बाबांनाच दिसला. नव्या चाँदसाठी दुआ करायला आम्ही हात उचलले. बाबांनी टोपी काढून हातात धरली. मग सगळ्यांनी एकमेकांना मुबारकबाद दिली.

घरी परतलो. मी तरावीहच्या आणि पहिल्या सहरीच्या गडबडीत होते. धाकटी माठातलं पाणी घेऊन आली, तांब्या माझ्या हातात दिला आणि अगदी दादीच्या आवाजात म्हणाली, "आज क्या देखी?"

पीठ मळायचं राहिलं होतं. तरी मी खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. ती माझ्याबरोबरच होती, तरी सगळं सांगितलं.