संकर

माझ्याकडं शेत नाही. घरामागं मोरीला लागून दोन हात जागा आहे. आय तिथं टमाटी लावायची. गावठी, चपटी, आंबट. भांडी घासल्याच्या पाण्यावर यायची. आय गेली. बी राह्यलं. मी दरसाल लावतो.

रीत सोपी आहे. निरोगी झाडावर पुरतं पिकलेलं फळ घ्यायचं. गर बियांसकट वाटीत पिळायचा, जरा पाणी घालून दोन-तीन दिवस झाकायचा. आंबला की घाण वास येतो, बियांवरचं बुळबुळीत सुटतं. तरंगतं बी फेकायचं, तळाचं धुऊन सावलीत वाळवायचं. कोरड्या डबीत चारेक वर्षं टिकतं. मृगात फुटक्या डब्यात टाकायचं, रोप 25-30 दिवसांचं झालं की लावायचं. टमाट्याचं फूल बहुधा आपल्याच परागानं फळतं, म्हणून पुढच्या साली तसलंच टमाटं येतं.

दुकानातलं बी संकरित. दोन निराळ्या वाणांचं लेकरू. पहिल्या पिढीला जोर दांडगा, पण त्याचं बी धरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत. म्हणून दर हंगामाला नवी पुडी.

आता गंमत बघा. गावाला हायब्रीड ज्वारी चालते, संकरित गाय चालते. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं की मात्र कोयते निघतात. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात संकराच्याच नावानं माणसं चांडाळ ठरवली, गावाबाहेर घातली. 25 डिसेंबर 1927 ला महाडच्या परिषदेत ते पुस्तक जाळलं. 1936 साली बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये आंतरजातीय लग्न हाच खरा इलाज सांगितला. म्हणजे संकरच की!

म्हणून शहरातले हौशी बागवाले 'शुद्ध देशी वाण' म्हणाय लागले की माझे कान उभे राहतात. शुद्ध कसलं नि देशी कसलं? टमाटं मूळचं अमेरिका खंडातलं, दर्या ओलांडून आलेलं. हायब्रीड लावणाऱ्याचा मला राग नाही. त्याला पोट आहे.

मग मी बी का राखतो? ते माझ्या हातात राहतं म्हणून. ज्यांच्या बापजाद्यांना वारशात जमीन नाही, येसकरकी मिळाली, त्यांनी निदान बी तरी दुसऱ्याच्या हातात देऊ नये. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 सालचा. बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचा हक्क त्यानं शेतकऱ्याला दिलाय. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं तेवढं विकता येत नाही. आणि शेतकरी कोण? स्वतः जमीन कसून पीक घेणारा. सातबाऱ्याची अट त्या व्याख्येत नाही. दोस्तहो, हे वस्तीत वाचून दाखवा.

बी मागायला कुणीही या. या साली डबीभर आहे.